आकड्यांच्या मागे दडलेली नावे

एखाद्या योजनेचा अर्ज संगणकावर भरून झाला, की शेवटी पडद्यावर त्याची पोच येते. अर्जदाराचे नाव, वय, पत्ता सारे काही जागच्या जागी असते. पण एका ओळीत मात्र 'तालुका : २१४' असे छापलेले दिसते. अर्ज भरताना तर यादीतून 'कर्जत' निवडले होते. मग हे २१४ कोठून आले? आणि २१४ म्हणजे कर्जतच असेल, तर ते रायगड जिल्ह्यातले की अहिल्यानगर जिल्ह्यातले? अर्जदाराकडे याचे उत्तर नसते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यापुढेही तोच आकडा असेल, तर त्याच्याकडेही ते नसते. चूक झाली आहे की नाही, हेच कोणाला कळत नाही. ती कळते ती अर्ज भलत्याच कार्यालयात जाऊन पडल्यावर.

संगणकाच्या दृष्टीने येथे काहीही बिघडलेले नसते. त्याने जे साठवायचे तेच साठवलेले असते. बिघडलेली असते ती शेवटची पायरी. साठवलेला आकडा माणसाला दाखवण्यापूर्वी त्याचे नावात रूपांतर करायचे राहून गेलेले असते. संकेतस्थळे तयार करणाऱ्यांना हे काम किरकोळ वाटते, आणि म्हणूनच ते वरचेवर राहून जाते. प्रत्यक्षात माणसाला आपली चूक वेळीच ओळखता येणे बहुतेकदा याच पायरीवर अवलंबून असते.

एका नावाची एकच नोंद

आकडा साठवण्याची ही पद्धत आली कोठून? आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माहितीचे मोठे साठे तक्त्यांच्या स्वरूपात ठेवावेत आणि त्या तक्त्यांमधील नाते समान मूल्यांच्या आधारे जोडावे, हा त्यातील गाभ्याचा विचार. आज बँका, रेल्वे, विद्यापीठे, दुकाने अशा असंख्य ठिकाणी वापरले जाणारे डेटाबेस याच विचारावर उभे आहेत.

समजा, एका तक्त्यात लाखभर अर्ज आहेत आणि प्रत्येक अर्जात जिल्ह्याचे नाव अक्षरांत लिहिले आहे. कोणी 'अहमदनगर' लिहील, कोणी नुसते 'नगर', कोणी 'अ. नगर'. माणसाला हे तिन्ही एकच आहेत हे सहज कळते. संगणकाला ते तीन वेगवेगळे जिल्हे वाटतात. त्या जिल्ह्यातून किती अर्ज आले, या साध्या प्रश्नाचे उत्तरही मग चुकते.

म्हणून जिल्ह्यांचा वेगळा तक्ता करतात. त्यात प्रत्येक जिल्ह्याची एकच नोंद असते आणि तिला एक क्रमांक दिलेला असतो. या क्रमांकाला 'प्रायमरी की' म्हणतात. अर्जांच्या तक्त्यात जिल्ह्याचे नाव न लिहिता फक्त हा क्रमांक लिहितात. तेथे त्याला 'फॉरेन की' असे नाव आहे. वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाने घरमालकाचे पूर्ण नाव आपापल्या वहीत लिहिण्याऐवजी 'मालकाची वही, पान तिसरे' एवढेच लिहून ठेवावे, तसा हा प्रकार. मालकाच्या नावात काही दुरुस्ती झाली, तर ती एका पानावर केली की पुरते. शिवाय जिल्ह्यांच्या तक्त्यात नसलेला क्रमांक अर्जात शिरू पाहत असेल, तर डेटाबेस तो स्वतःहून नाकारू शकतो.

सोय मोठी आहे; पण तिची किंमतही आहे. अर्जांचा तक्ता आता एकटा वाचला तर अर्थहीन होतो. त्याचा अर्थ दुसऱ्या तक्त्यात ठेवलेला असतो आणि दर वेळी तो तेथून आणावा लागतो.

नाव शोधून आणण्याची रीत

कार्यालयात एक्सेल वापरणाऱ्यांना 'व्हीलुकअप' हे सूत्र परिचयाचे असते. एका यादीतील क्रमांक घ्यायचा, तो दुसऱ्या यादीत शोधायचा आणि शेजारच्या रकान्यातील नाव उचलून आणायचे, हे त्याचे काम. डेटाबेसमध्ये हेच काम 'जॉइन' करतो. अर्जांचा तक्ता आणि तालुक्यांचा तक्ता क्रमांकाच्या आधारे शेजारी शेजारी जोडले जातात आणि पडद्यावर २१४ ऐवजी 'कर्जत' उमटते.

येथे नवशिक्या प्रोग्रामरकडून एक चूक हमखास होते. पडद्यावर पन्नास अर्जांची यादी दाखवायची आहे. तो आधी पन्नास अर्ज मागवतो आणि मग प्रत्येक अर्जासाठी स्वतंत्रपणे 'या क्रमांकाचे नाव काय?' असे डेटाबेसला विचारतो. म्हणजे एका पानासाठी एकावन्न फेऱ्या. चाचणीच्या वेळी दहा नोंदी असतात, तेव्हा काहीच जाणवत नाही. अर्जाच्या अखेरच्या तारखेला हजारो लोक एकाच वेळी येतात तेव्हा संकेतस्थळ अडखळू लागते. बाजारात जाताना यादी करून एकदाच जाण्याऐवजी प्रत्येक जिन्नसासाठी घरून नवा हेलपाटा घालण्यासारखेच हे. दोन्ही तक्ते जोडून एकदाच मागणी केली, किंवा लागणारे सर्व क्रमांक गोळा करून त्यांची नावे दुसऱ्या एकाच फेरीत आणली, तर हे काम एका-दोन फेऱ्यांत होते.

नुसते नाव पुरत नाही

आकड्याऐवजी नाव दाखवले म्हणजे काम संपले, असेही नाही. कर्जत दोन जिल्ह्यांत आहे. खेड पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरीतही. मालेगाव नाशिकमध्ये आहे, तसेच वाशिममध्येही. कळंब नावाचा तालुका धाराशिव आणि यवतमाळ या दोन्ही जिल्ह्यांत आहे. यादीत 'कळंब' दोनदा दिसले, तर निवडणाऱ्याने काय करायचे? तो पहिले निवडतो आणि पुढे जातो. संगणकाला मात्र ते दोन वेगळे क्रमांक असतात.

म्हणून दाखवण्याचे नाव ही विचारपूर्वक ठरवायची गोष्ट आहे. 'कळंब (जि. यवतमाळ)' हे वाचताच माणसाचा गोंधळ मिटतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत नावासोबत वर्ग आणि हजेरी क्रमांक, औषधाच्या बाबतीत नावासोबत मात्रा, बँकेच्या शाखेच्या बाबतीत शाखेसोबत शहर दाखवावे लागते. नियम साधा आहे. जेवढे दाखवल्याने माणसाला दोन नोंदींतील फरक ओळखता येईल, तेवढे दाखवावे. त्याहून अधिक नको. अधिक दाखवण्यात गर्दी होते आणि धोकाही असतो. दोन सारख्या नावांच्या रुग्णांत फरक दाखवण्यासाठी जन्मवर्ष पुरत असेल, तर मोबाइल क्रमांक यादीत आणण्याचे कारण नाही.

संकेतस्थळे बांधण्याची आधुनिक साधने या कामासाठी एक ठरावीक जागा राखून ठेवतात. 'जँगो' हे असेच एक लोकप्रिय साधन. त्याचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कार्यालयात झाला आणि २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. त्यात प्रत्येक प्रकारच्या नोंदीसाठी 'ही नोंद माणसाला कशी दाखवायची' हे एकदाच लिहून ठेवता येते. ते लिहिले नाही, तर व्यवस्थापकाच्या पडद्यावर 'तालुका ऑब्जेक्ट (२१४)' या धर्तीची निरुपयोगी ओळ उमटते. जँगो शिकणाऱ्या बहुतेकांनी ही ओळ कधी ना कधी पाहिलेली असते. दोन-तीन ओळींच्या सूचनेने ती नाहीशी होते. तरीही कित्येक कार्यालयांतील अंतर्गत संकेतस्थळांवर कर्मचारी असे आकडे पाहत वर्षानुवर्षे काम करतात आणि शेवटी कोणता आकडा म्हणजे काय याचा कागद टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवतात.

यादी कोणाच्या सोयीची?

दाखवण्याइतकाच निवडण्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ड्रॉपडाऊन यादीत माणूस नाव निवडतो, पण संकेतस्थळाकडे जातो तो त्या नावाला जोडलेला क्रमांक. महाराष्ट्राचे छत्तीस जिल्हे अशा यादीत सहज मावतात. गावांची संख्या मात्र चाळीस हजारांहून अधिक आहे. ती सारी एका यादीत ओतली, तर मोबाइलच्या पडद्यावर कोणाचेही बोट दमेल. तेथे आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव अशा पायऱ्या कराव्या लागतात, किंवा पहिली दोन-तीन अक्षरे टाइप करताच जुळणारी नावे पुढे यावीत अशी सोय करावी लागते.

यादीचा क्रमही विचार मागतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील जिल्ह्यांचे क्रमांक नंदुरबार, धुळे, जळगाव असे भौगोलिक क्रमाने दिलेले आहेत. क्रमांकानुसार यादी लावली, तर सांगली शोधणाऱ्याला वरपासून खालपर्यंत सगळी नावे वाचावी लागतात. इंग्रजी स्पेलिंगनुसार लावलेली यादी देवनागरीत दाखवली, तर तिचा क्रम मराठी वाचकाला अनाकलनीय वाटतो.

आणि देवनागरीनुसार लावायची म्हटले, तरी एक बारकावा उरतोच. संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड पद्धतीत 'ळ' हे अक्षर 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येते. मराठी वर्णमालेत मात्र त्याची जागा 'ह' नंतर आहे. त्यामुळे निव्वळ युनिकोडच्या क्रमाने यादी लावल्यास 'कळंब' आधी आणि 'कवठेमहांकाळ' नंतर येते. मराठी शब्दकोश पाहण्याची सवय असलेल्याला हा क्रम उलटा वाटतो. भाषेनुसार क्रम लावण्याची सोय डेटाबेसमध्ये करता येते, पण ती मुद्दाम मागावी लागते.

रिकामी जागा आणि गळालेल्या नोंदी

काही अर्जांत तालुका भरलेलाच नसतो. काही वेळा ज्या नोंदीकडे क्रमांक बोट दाखवतो, ती नोंदच कोणीतरी पुसून टाकलेली असते. अशा वेळी काय दाखवायचे?

येथील सर्वांत घातक चूक डोळ्यांना दिसत नाही. दोन तक्ते जोडण्याचा साधा प्रकार फक्त जुळणाऱ्या नोंदीच परत देतो. तालुका रिकामा असलेला अर्ज त्यात जुळत नाही, म्हणून तो यादीतूनच गळून पडतो. पडद्यावर कोणताही दोष दिसत नाही. शंभर अर्जांऐवजी सत्त्याण्णव दिसतात, इतकेच. उरलेले तीन अर्ज डेटाबेसमध्ये सुखरूप असतात, पण ते कोणाच्याच नजरेस पडत नाहीत. यासाठी 'लेफ्ट जॉइन' हा दुसरा प्रकार वापरतात. त्यात अर्ज कायम राहतो आणि नाव न सापडल्यास त्या जागी 'तालुका नमूद नाही' असे स्पष्ट लिहिता येते.

नोंद पुसण्याबाबतही खबरदारी हवी. निवृत्त झालेल्या शिक्षकाची नोंद काढून टाकली, तर त्याने तपासलेल्या जुन्या गुणपत्रिकांवर नावाची जागा रिकामी राहील. म्हणून जाणती मंडळी अशी नोंद पुसत नाहीत; 'आता वापरात नाही' अशी खूण करून ठेवतात. नव्या यादीत ते नाव येत नाही, जुन्या कागदावर मात्र ते दिसत राहते.

नाव बदलते, जिल्हा विभागतो

क्रमांक आणि नाव वेगळे ठेवण्याचा फायदा गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राला चांगलाच अनुभवता आला असेल. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले; २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ज्या संकेतस्थळांनी क्रमांक साठवले होते, त्यांना जिल्ह्यांच्या तक्त्यातील एक-एक नाव बदलणे पुरेसे होते. ज्यांनी प्रत्येक नोंदीत नाव अक्षरांत लिहिले होते, त्यांच्यापुढे लाखो नोंदी शोधून दुरुस्त करण्याचे काम उभे राहते.

पण याच सोयीत एक पेच आहे. २०१० मध्ये 'औरंगाबाद' असे छापून दिलेल्या दाखल्याची प्रत आज पुन्हा काढली, तर तिच्यावर कोणते नाव यावे? मूळ कागदाची हुबेहूब प्रत हवी असेल, तर त्या वेळचे नाव. आजचा पत्ता हवा असेल, तर आजचे नाव. यासाठी नावांच्या तक्त्यात प्रत्येक नावासोबत 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' असे दोन रकाने ठेवतात, किंवा दाखला देतानाच त्या दिवशीचे नाव दाखल्याच्या नोंदीत उतरवून ठेवतात.

विभाजनाचा प्रश्न याहून अवघड. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर हा नवा जिल्हा निर्माण झाला. डहाणू, जव्हार, मोखाडा, वसई यांसह आठ तालुके त्यात गेले. हे नुसते नामांतर नसल्याने एखादे नाव बदलून काम भागत नाही. 'ठाणे' या क्रमांकाच्या जुन्या नोंदींपैकी काही आता पालघरच्या झाल्या, उरलेल्या ठाण्याच्याच राहिल्या. ज्यांनी नोंदीत तालुकाही साठवला होता, त्यांना तालुका कोणत्या जिल्ह्यात मोडतो एवढेच बदलावे लागले. ज्यांनी फक्त जिल्हा साठवला होता, त्यांच्याकडे हे वेगळे करण्याचा मार्गच उरला नाही.

बोलके संकेतांक

क्रमांक अर्थहीनच का असावा, त्यातच थोडा अर्थ का भरू नये? हा मार्गही जुना आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोड पद्धत केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. एकसारखी गावांची नावे, वेगवेगळ्या लिपी आणि अस्पष्ट अक्षर यांमुळे पत्रे वाट चुकत. सहा अंकांनी तो प्रश्न सोपा केला. पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय. आज अनेक संकेतस्थळे पिनकोड टाकताच शहर आणि राज्य आपोआप भरून दाखवतात. आकड्यातून नाव मिळण्याचा हा रोजचा अनुभव आहे.

मात्र संकेतांकात नावच गुंफले, तर नाव बदलताच संकेतांकही अडचणीत येतो. मुंबईतील छत्रपती शिवाजी टर्मिनसचा रेल्वेचा संकेतांक 'सीएसटीएम' होता. २०१७ मध्ये नावात 'महाराज' हा शब्द आला आणि संकेतांक 'सीएसएमटी' झाला. बँकांच्या शाखांना असलेला अकरा अक्षर-अंकांचा आयएफएससी संकेतांक हेही असेच उदाहरण. त्याची पहिली चार अक्षरे बँकेची असतात. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि 'एसवायएनबी' या अक्षरांनी सुरू होणारे संकेतांक जुलै २०२१ पासून बंद झाले. ग्राहकांना ज्या ज्या ठिकाणी जुना संकेतांक दिला होता, तेथे तेथे तो बदलून द्यावा लागला. म्हणून डेटाबेसच्या आतला क्रमांक मुका असणेच हिताचे, आणि माणसासाठीचे बोलके नाव वेगळे ठेवणे शहाणपणाचे.

नाव न दिसण्याची किंमत

या साऱ्या तांत्रिक चर्चेचा सामान्य माणसाच्या खिशाशी थेट संबंध आहे. एनईएफटी आणि आरटीजीएस या पद्धतींनी पैसे पाठवताना रक्कम जमा होते ती केवळ खाते क्रमांकाच्या आधारे. पाठवणारा लाभार्थीचे नाव लिहितो खरा, पण ते नाव त्या खात्याच्या धन्याशी जुळते की नाही हे पाहून रक्कम जमा केली जात नाही. खाते क्रमांकातील दोन अंकांची अदलाबदल झाली आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा निघाला, तर पैसे त्या दुसऱ्याच्या खात्यात जातात. मग ते परत मिळवण्यासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवणे आले.

यूपीआयने पैसे पाठवताना मात्र समोरच्याचे नाव आधी पडद्यावर येते. नाव अनोळखी दिसले, की बोट आपोआप थबकते. हीच सोय एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये आणण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी परिपत्रक काढले. खाते क्रमांक आणि आयएफएससी संकेतांक टाकल्यावर लाभार्थीच्या बँकेतून खातेदाराचे नाव आणून ते पाठवणाऱ्याला दाखवावे आणि ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत विनाशुल्क उपलब्ध करावी, असे त्यात बँकांना सांगण्यात आले. तंत्र म्हणून यात नवे काही नाही. क्रमांक घ्या, दुसऱ्या तक्त्यात शोधा, नाव आणून दाखवा. पण पैसे निघण्यापूर्वीच्या त्या एका क्षणी माणसाला वाचता येईल असे काहीतरी समोर येते, आणि चूक पकडण्याची संधी त्याच्या हाती राहते.

अर्जाच्या पोचेवर 'तालुका : २१४' ऐवजी 'कर्जत (जि. रायगड)' असे छापणे याच कारणासाठी महत्त्वाचे आहे. आकडा चुकला तर तो वाचून कोणाच्याही लक्षात येत नाही. नाव चुकले तर ते अर्जदाराला पहिल्याच नजरेत खटकते आणि तो खिडकीवरच म्हणतो, "अहो, आमचे कर्जत हे नव्हे."